१८:३० दिसलं की समजायचं

डेटाबेसमध्ये तारखेपुढे १८:३० अशी वेळ दिसली, की भारतातला डेव्हलपर फार विचार करत नाही. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा यूटीसीत, म्हणजे सर्व्हर पाळतात त्या ग्रीनिचच्या रेखांशावरच्या जागतिक वेळेत, आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. फॉर्ममध्ये कुणी १० मे ही जन्मतारीख भरली, प्रोग्रामने ती ‘१० मे, रात्रीचे बारा’ अशी धरली, सर्व्हरवर जाताना तिची ९ मे १८:३० झाली आणि पुढे कुणीतरी वेळेचा भाग कापून टाकला. माणूस बसल्या जागी एका दिवसाने म्हातारा!

आमच्या एका विम्याच्या प्रकल्पात हे सापडलं तेव्हा अमेरिकेहून उत्तर आलं, “आमच्याकडे तर बरोबर दिसतंय.” ते खोटं बोलत नव्हते. न्यूयॉर्कची मध्यरात्र यूटीसीत पहाटे चार किंवा पाच वाजता पडते, तारीख तीच राहते. वेळ कापली तरी काही बिघडत नाही. हा दोष दिसतो तो ग्रीनिचच्या पूर्वेला. कोड लिहिणारे पश्चिमेला आणि निस्तरणारे आम्ही, इंदूरच्या विजयनगरात.

“साडेपाच तास मिळवून टाका ना, अर्ध्या तासाचं काम,” असं आमच्या मॅनेजरसाहेबांचं मत पडलं. साहेब माणूस चांगला आहे, पण अर्ध्या तासाची कामं त्याला फार सुचतात. मी त्याला १९४३ सालच्या पॉलिसीधारकांच्या ओळी काढून दाखवल्या. तिथे १८:३० नव्हतं, १७:३० होतं. दुसऱ्या महायुद्धात भारतातली घड्याळं तासभर पुढे केली होती, साडेसहा तासांवर. १९४२च्या सप्टेंबरपासून १९४५च्या ऑक्टोबरपर्यंत तसंच चाललं. या आजोबांना साडेपाच तास मिळवले तर येतात आदल्या रात्रीचे अकरा, म्हणजे तारीख चुकीची ती चुकीचीच. खरा उपाय एवढाच, की जन्मतारखेला वेळ चिकटवायचीच नाही. ती नुसती तारीख म्हणून ठेवायची. पटलं, पण सगळे टेबल बदलायचे म्हटल्यावर साहेबांचा चेहरा उतरला.

युद्धातलं ते घड्याळ आमच्या सर्व्हरला कुठून कळलं? टाइमझोन डेटाबेस म्हणून साध्या मजकुराच्या काही फायली आहेत. १९८०च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी हे काम सुरू केलं, पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळलं. कुठल्या देशाने कधी घड्याळ हलवलं याची नोंद त्यात असते, आणि जगातले बहुतेक फोन आणि सर्व्हर त्यावर चालतात. २०२३च्या मार्चमध्ये लेबनॉन सरकारने उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे करणं रमजान संपेपर्यंत लांबणीवर टाकायचं ठरवलं, तेही अगदी तोंडावर. काही जणांनी ते मानलंच नाही आणि एका देशात दोन घड्याळं सुरू झाली. फायली सांभाळणाऱ्यांनी तातडीने नवी आवृत्ती काढली; सरकारने निर्णय फिरवला, मग काही दिवसांत ती मागे घेणारी आणखी एक काढली. दर सहा महिन्यांनी नवं फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्राम लिहिण्याची तयार चौकट, शिकलो नाही तर आपण संपलो, असं आमच्यातले जे सांगत फिरतात, त्यांना मी या फायली वाचायला देतो. कुणी वाचत नाही, ते सोडा.

आम्हाला इथे घड्याळ हलवावं लागत नाही, पण ते आमच्यावर हलतंच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका घड्याळ तासभर मागे घेते, की त्यांच्याबरोबरची रात्री साडेआठची मीटिंग साडेनऊला जाते, ती मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. आईला हे अजून पटलेलं नाही. “त्यांनी काटा फिरवला, तर तू का उपाशी?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. खरं तर ती स्वतः दर संकष्टीला हाच हिशोब करते. दिनदर्शिकेत मुंबईचा चंद्रोदय बघायचा, त्यातून इंदूरसाठी दहा-बारा मिनिटं वजा करायची आणि गच्चीवर जाऊन एकदा खात्री करून घ्यायची. गच्चीवर जाण्याची पायरी आमच्या टेस्टिंगमध्ये नाही.

आणि ग्रीनिचचं एवढं कौतुक कशाला? जुन्या भारतीय ज्योतिर्गणिताची मुख्य मध्यान्हरेषा उज्जैनवरून जायची, म्हणजे इथून पन्नासेक किलोमीटरवरून. सूर्य बघून घड्याळ लावलं तर तिथली वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सरासरी सत्तावीस मिनिटं मागे येते, कारण प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशाची आहे. मुंबई तर प्रमाणवेळ आल्यावरही स्वतःचं घड्याळ १९५५पर्यंत चालवत होती.

आता पुढचं. जुन्या बत्तीस बिटांच्या प्रणाली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतात, आणि ते मोजमाप १९ जानेवारी २०३८ला संपतं. आपल्याकडे मंगळवार, सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं, ७ सेकंद; सगळं इंदूर तेव्हा पोह्यांच्या गाड्यांवर उभं असेल. पुढच्या सेकंदाला आकडा मावेनासा होऊन उणे होईल आणि ही यंत्रं १९०१ सालात जातील. तीस वर्षांच्या पॉलिसीची मुदत काढताना आजच ही तारीख ओलांडावी लागते, म्हणून मी तिकीट, म्हणजे कामाची नोंद, उघडून ठेवलं. साहेबांनी त्यावर शिक्का मारलाय: प्राधान्य कमी, पुढच्या तिमाहीत बघू.