हेडलाइटची नोंद: बल्ब उडाला, कपलर सापडला

शनिवार, रात्री उशिरा

माणगावहून ताम्हिणीमार्गे पुण्याला परतत होतो. विळे सोडून घाट चढायला लागलो आणि ड्रायव्हरकडच्या हेडलाइटचा डिपर, म्हणजे खाली पडणारा जवळचा उजेड, गेला. अप्पर, म्हणजे लांबचा उजेड, लागत होता, पण पावसात, धुक्यात अप्पर टाकला की समोर पांढरी भिंतच उभी राहते. डावीकडच्या एका दिव्यावर, एका टेम्पोचे लाल दिवे धरून पौड गाठलं. उजवा दिवा नसलेली गाडी समोरच्याला मोटारसायकल वाटते. तीही रस्त्याच्या कडेने चाललेली, आणि आपली गाडी नेमकी त्याच्या अंगावरच्या बाजूला रुंद असते. दोन जण अगदी जवळून गेले. घरी येईपर्यंत छातीत धडधडत होतं. उद्या सगळ्यात आधी हेच काम.

रविवार, सकाळ

गाडी सेकंडहँड हॅचबॅक आहे, एच-४ बल्बची. एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट: अप्परचं ६० वॅटचं, डिपरचं ५५ वॅटचं. त्यामुळे एक गेलं तरी दुसरं चालू राहू शकतं. दोन्ही एकदम गेले असते तर आधी फ्यूज आणि वायरिंग पाहिलं असतं. फक्त डिपर गेला म्हणजे बहुधा फिलामेंट.

इंजिन थंड, दिवे बंद. बॉनेट उघडलं. कपलर म्हणजे बल्बच्या मागे बसणारा वायरचा प्लग. त्याला वायर धरून ओढायचं नाही, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून डुलवत काढायचं. मग रबर कॅप. क्लिप दिसत नव्हती, म्हणून मोबाइल मागे घालून आधी व्हिडिओ काढला आणि तिचं टोक कुठे अडकलंय ते पाहून घेतलं. स्प्रिंगची क्लिप असते. आत दाबून बाजूला सरकवली की सुटते. बल्ब बाहेर काढून उजेडात धरला. डिपरचं फिलामेंट मधोमध तुटलेलं, काच आतून काळपट. ते टंगस्टन आहे, फिलामेंटवरून उडून काचेवर बसलेलं.

नवा बल्ब धरायचा तो पत्र्याच्या तळव्याला. काचेला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल काचेवर राहतं, काच प्रचंड तापते, तेवढाच भाग वेगळा तापतो आणि बल्ब लवकर जातो. लागलंच बोट, तर स्पिरिटने पुसून, वाळवून मगच बसवावा. बल्ब जोडीनेच आणले होते, दुसरा तितकाच म्हातारा होता म्हणून.

रविवार, दुपार

इथे खरी गोष्ट सुरू झाली. काढलेल्या कपलरचं एक भोक तपकिरी झालेलं, प्लास्टिक कडेला वितळून परत घट्ट झालेलं. नखाने खरवडलं तर भुगा निघाला. आतलं पितळी पातं निळसर पडून सैल झालं होतं. आधीच्या मालकाने १००/९० वॅटचे बल्ब लावले होते, हे गाडी घेतानाच कळलं होतं. ५५ वॅटला साधारण साडेचार अँपिअर लागतात, ९० वॅटला साडेसात. मूळ कपलर त्या करंटसाठी नसतोच.

नवा बल्ब लावून, इंजिन चालू ठेवून मोजलं. बॅटरीवर १४.१ व्होल्ट. डिपर लावलेला असताना कपलरच्या मागून मल्टीमीटरच्या पिना घालून बल्बच्या पात्यांना टेकवल्या तर १२.१. म्हणजे दोन व्होल्ट वाटेतच गेले. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो. दहा टक्के व्होल्टेज कमी झालं की उजेड जवळपास तीस टक्क्यांनी कमी होतो. पावसात रस्ता दिसत नाही म्हणून मी कित्येक महिने काच आणि वायपरला बोल लावत होतो.

बाजारातून सिरॅमिकचा कपलर आणला, जाड वायरचा. जुना कापून नवा जोडला, सोल्डर करून वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी. परत मोजलं: १३.५. म्हणजे त्या एका सैल पात्यापाशी १.४ व्होल्ट जात होते, साडेचार अँपिअरला सहा वॅटच्या वर उष्णता, सगळी त्या चिमूटभर प्लास्टिकमध्ये. बल्ब मात्र कपलरमुळे उडाला नाही, कमी व्होल्टेजवर तो उलट जास्त टिकतो. तो वयाने गेला.

उजेड कमी वाटतोय म्हणून जास्त वॅटचा बल्ब घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: आधी कपलरवर मोजा. रिले किट, म्हणजे बल्बला बॅटरीतून थेट वीज देणारी जोडणी, घेणार असाल तर आणखी एक. दोन्ही फिलामेंटच्या सामाईक (कॉमन) पिनवर अर्थिंग, म्हणजे बॅटरीची मायनस बाजू, येते की प्लस, तेही बघा. माझ्या गाडीत प्लस निघाला, स्विच अर्थिंगच्या बाजूला आहे. साधं किट तसंच लावलं असतं तर चाललं नसतं.

रविवार, संध्याकाळ

पार्किंगच्या भिंतीपासून ५ मीटरवर गाडी लावली. टायरमध्ये हवा बरोबर, दिव्यांचा झोत वर-खाली करायचं लेव्हलचं बटण शून्यावर, लेक ड्रायव्हरच्या सीटवर. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर चिकटपट्टी लावली आणि तिच्या ५ सेंटिमीटर खाली दुसरी.

"बाबा, आता डिपर?"

"हो. अप्पर नको लावूस."

डावीकडच्या दिव्याच्या उजेडाची वरची कड, म्हणजे रेघ, खालच्या पट्टीवर बसली. उजवीकडची मात्र वर चढलेली आणि तिरकी. झोत जुळवायच्या स्क्रूला हात लावण्याआधी बल्ब परत पाहिला. तळव्याला तीन कान असतात, वरचा रुंद. तो खाचेत पूर्ण बसलाच नव्हता, क्लिपने त्याला तसाच दाबून धरला होता. नीट बसवला आणि रेघ जागेवर आली. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. तिच्यामुळे प्रकाश रिफ्लेक्टरच्या वरच्याच भागावर पडतो आणि भिंतीवर ती स्वच्छ रेघ उमटते, डावीकडे जरा वर चढणारी, कारण आपण डावीकडून चालतो आणि पाट्या, पायी चालणारे तिकडेच असतात. वाटी तिरकी म्हणजे रेघ तिरकी, आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड. लेकीला हे दाखवलं तर ती खाली उतरून भिंतीवरच्या रेघेवरून बोट फिरवत राहिली.

रबर कॅप लावताना तिची वरची बाजू वरच ठेवली आणि कडा चारी बाजूंनी बोटाने दाबत गेलो. पावसाळ्यात इथून ओल शिरली तर रिफ्लेक्टर मंद पडतो आणि मग बल्ब कितीही चांगला असो, उपयोग नाही.

डाव्या कपलरवर १२.९ आहेत. प्लास्टिक अजून पांढरं, पण पातं सैल लागतंय. दुसरा सिरॅमिक कपलर आणून ठेवलाय, पुढच्या रविवारी तो.