साँ-एस्तेफ 2021: एक बाटली, तीन संध्याकाळी

फ्रान्समधल्या बोर्दोच्या, नदीच्या डाव्या काठच्या रेड वाइनची ही यंदाची चौथी बाटली. गाव साँ-एस्तेफ, दर्जा क्रू बुर्जुआ (तिथल्या मळ्यांची एक श्रेणी), लेबलवर अल्कोहोल 13 टक्के. द्राक्षं निम्म्याहून जास्त कॅबर्ने सोव्हिन्याँ जातीची, बाकी बहुतेक मर्लो. याच मळ्याची 2019 च्या द्राक्षांची वाइन गेल्या हिवाळ्यात प्यायलो होतो, ती 14 टक्क्यांची होती. तिची नोंद उघडी ठेवूनच बसलो.

2021 तिथल्या बागायतदारांना जड गेलं. एप्रिलच्या सुरुवातीला कोवळ्या फुटव्यांवर गोठलेलं दहिवर पडलं, मग ओला जून-जुलै आणि त्यामागून डाउनी, म्हणजे वेलीवरचा केवडा रोग. नाशिककडच्या कुणालाही हा रोग वेगळा सांगायला नको. उन्हाळाही थंडच गेला, साखर कमी भरली, आणि बऱ्याच ठिकाणी रस आंबवताना वरून साखर घालावी लागली. आधीच्या तीन उबदार वर्षांच्या मापाने ही वाइन मोजली तर ती बारीक वाटणारच.

पहिल्या संध्याकाळी माझी चूक झाली. बाटली दुपारपासून टेबलावर होती आणि पुण्यातला मे महिना. ग्लासात 27 अंश भरले. अल्कोहोल थेट नाकात चढला, फळ जॅमसारखं शिजलेलं लागलं. रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी म्हणतात ती रूम थंड मुलखातली, 16 ते 18 अंशांची. फ्रिजमध्ये ठेवली आणि 17 वर उतरल्यावर पुन्हा ओतली. वाइन जणू दुसरीच झाली.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला: मधोमध गडद, तरी खालची अक्षरं पुसट दिसतात. कड अजून जांभळट, वय झाल्याची विटकरी छटा कुठेही नाही. पहिला वास ढोबळी मिरचीचा, तिचं देठ उपटून बिया काढताना येतो तसा. कॅबर्नेच्या द्राक्षात पायराझिन नावाचं द्रव्य असतं. घड पिकत जातात, ऊन मिळतं, तसं ते कमी होतं. थंड वर्षात थोडं मागे राहतं. अनेकजण याचे मार्क कापतात. मला मात्र इतपत हिरवेपणा हवाच असतो, त्याच्याशिवाय कॅबर्ने ओळखीची वाटत नाही. त्यामागून पिकलं करवंद, नुकतीच छिललेली पेन्सिल, किंचित तंबाखू. इंग्रजी नोंदींत इथे ब्लॅककरंट लिहितात. वहीत मी करवंदच लिहितो, कारण ती चव माझ्या जिभेला पाठ आहे.

चवीत आंबटपणा पुढे, तुरटपणा मागे. वर्षभरापूर्वी मी या दोहोंत गोंधळायचो. आता घोट थुंकून मान खाली घालतो: जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर तो आंबटपणा, हिरड्या आणि गालाची आतली बाजू कोरडी पडली तर तो टॅनिन. इथला टॅनिन बारीक कणांचा, अर्धवट पिकल्या जांभळासारखा. खोट एकच: घोटाच्या मधोमध जागा पोकळ राहते. 2019 मध्ये तिथे फळ गच्च भरलेलं होतं. चव दहा-बारा सेकंद टिकली. 20 पैकी 15.

बाटली उघडल्या उघडल्या निम्मी वाइन एका छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून, बूच मारून फ्रिजमध्ये ठेवली होती. उरलेली दुसऱ्या संध्याकाळी अळणी मटणाबरोबर घेतली. तिखट मुद्दाम टाळलं. मिरचीची आग आणि टॅनिन एकमेकांना भडकवतात. टॅनिन एरवी लाळेतल्या प्रथिनांना धरतो म्हणून तोंड कोरडं पडतं. मटणाच्या घासाबरोबर तो तिकडे गुंतला, हिरड्या मोकळ्या राहिल्या आणि ती पोकळी जाणवलीच नाही. आंबटपणाने चरबी कापली. जेवताना 2019 चा दुसरा ग्लास मला जड झाला होता, याचा तिसरा ओतावासा वाटला.

तिसऱ्या दिवशी छोटी बाटली, 17 अंशांवर, सोबत काही नाही. मिरची मागे सरकली, पेन्सिल पुढे आली, टॅनिन तसाच. मार्क 16 केले. पहिल्या दिवशीचे 15 खोडले नाहीत, शेजारी तारखेसह नवे लिहिले.

दुसरी बाटली 2028 पर्यंत आडवी ठेवणार. तेव्हा आधी कड बघेन, विटकरी झाली का, आणि मग ती मधली पोकळी.