गाभोळीच्या दिवसांत रॅपिडॅनवर

२६ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळी तोंडावर आली असताना घरची साफसफाई टाकून मासे गरवायला गेलो, याबद्दल जे ऐकावे लागले ते येथे लिहीत नाही. सकाळी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, स्कायलाइन ड्राइव्ह या डोंगररस्त्यावरच्या मिलम गॅपला गाडी लावली आणि मिल प्राँगच्या काठाने दोनेक मैल उतरून रॅपिडॅन कॅम्प गाठला. मिल प्राँग आणि लॉरेल प्राँग हे ओढे येथे एकत्र येतात आणि रॅपिडॅन नदी सुरू होते. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी १९२९ मध्ये याच संगमावर आपला उन्हाळी मुक्काम उभारला, कारण त्यांना वॉशिंग्टनपासून शंभर मैलांच्या आत, थंड हवेची आणि जवळच ट्राउट हे थंड पाण्यातले मासे मिळतील अशी जागा हवी होती. नदी म्हणायची ती नावाला. आमच्या कुडाळकडे हिला कोणीही व्हाळच म्हणेल.

बरेच दिवस पाऊस नसल्याने पाणी घोट्याएवढे उरले होते, आणि ट्यूलिप पॉप्लरची पिवळी पाने त्यावरून इतक्या दाटीने वाहत होती की पहिल्या दहा खेपांत गळाला सात पाने लागली. मी गरवतो ते फ्लाय फिशिंगने, म्हणजे गळावर पिसे-दोरा बांधून केलेल्या खोट्या माशीने. या पद्धतीत आमिषाला वजन नसते, दोरीला असते. ती मागे-पुढे झुलवून माशी पुढे टाकायची. पण दोन्ही बाजूंनी झाडी अंगावर आलेली असताना दोरी मागे झुलवायला जागा कुठली? म्हणून माशी चिमटीत धरून काठी धनुष्यासारखी वाकवायची आणि सोडून द्यायची, हा एकच उपाय उरतो, आणि तो मला दहात तीनदा साधतो. माशी होती ‘अ‍ॅडम्स’, म्हणजे १९२२ मध्ये मिशिगनमध्ये प्रथम बांधलेली, करड्या लोकरीची आणि पिसांची. ती कोणत्याच एका कीटकासारखी दिसत नाही आणि बहुधा म्हणूनच सगळ्यांसारखी वाटते.

अकराच्या सुमारास एका दगडाआडून ती ओढली गेली. मासा, इथला ब्रूक ट्राउट, वीतभरही नव्हता. ओला हात पाण्यातच ठेवून त्याला क्षणभर पाहिले: पाठीवर शेवाळी रंगात किड्यांनी कोरल्यासारखी नक्षी, कुशीवर निळ्या कड्यात बसवलेले लाल ठिपके, पोट पिकल्या झेंडूच्या रंगाचे आणि खालच्या परांना चुन्याने ओढावी तशी पांढरी किनार. नराला हा रंग विणीच्या दिवसांतच इतका चढतो. गळाचा उलटा काटा मी घरीच चिमट्याने दाबून टाकलेला असतो, त्यामुळे तो सहज सुटला आणि निघून गेला. येथे पकडलेला प्रत्येक मासा सोडावाच लागतो, तसा नियमच आहे.

त्या आनंदात खाली न बघता ओढा ओलांडला, आणि काठावर पोहोचून मागे वळलो तेव्हा दिसले की डोहाच्या शेपटाशी, जिथे सगळा तळ काळपट आणि पानांनी भरलेला होता, तिथे परातीएवढी खडी धुतल्यासारखी स्वच्छ होती आणि तिच्या कडेवर माझ्या बुटाचा ठसा उमटला होता. मादी कुशीवर वळून शेपटीने खडी उकरते, अंडी घालते आणि वरून पुन्हा खडी लोटते. खालून झरा पाझरत असेल अशी जागा ती मुद्दाम निवडते. थंडी संपता संपता पिल्ले फुटेपर्यंत अंडी त्या खडीतच असतात. वर्षानुवर्षे हे मला तोंडपाठ आहे, आणि तरीही पाय तिथेच पडला.

बसवत नव्हते, तरी बराच वेळ खडकावर न हलता बसून राहिलो. लहानपणी पहिल्या पावसात व्हाळाचे पाणी शेतांत शिरले की चढणीचे मासे धरायला आम्ही आबांच्या मागे कंदील घेऊन धावत असू. तेही अंडी घालायलाच चढत, आणि त्यांच्या पोटातली गाभोळी तव्यावर पडली की आम्हा मुलांत भांडण ठरलेले. त्याचा पस्तावा मला तेव्हा झाला नाही आणि खरे सांगायचे तर आजही होत नाही; आम्ही ते खात होतो. धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडतात हे ऐकून आबांनी मला वेड्यात काढले असते, आणि केवळ गंमत म्हणून खडी तुडवणाऱ्याला त्यांनी काय म्हटले असते, याचाच विचार मी करत होतो.

वीसेक मिनिटांनी नर आधी आला, मग मादी. ती ठशाच्या वरच्या अंगाला, हातभर अंतरावर कुशीवर वळली. पांढरे पोट दोनदा लखलखले आणि थोडा गाळ वाहून गेला. खालच्या दोन डोहांत अजून मासे उडत होते. मी काठीचे तुकडे सोडवून नळीत भरले, ओली माशी टोपीत अडकवली आणि काठाकाठानेच परतीची चढण धरली.