तुम्ही विचारलंत म्हणून : किती आलाय पूर?

जुलै-ऑगस्टात पुण्याच्या मामींचा फोन ठरलेला. "अगं, टीव्हीवर तुमच्या नाशिकचा पूर दाखवतायत. किती आलाय?" मी म्हणते, "कमरेपर्यंत." पलीकडे एकदम घाबरगुंडी. "कुणाच्या कमरेपर्यंत? घरात शिरलं की काय?"

नात्यातलं, ओळखीतलं कुणी ना कुणी दरवर्षी हेच विचारतं, म्हणून एकदाच सांगून टाकते. कंबर मारुतीची. रामकुंडाच्या खालच्या अंगाला, ऐन गंगेच्या पात्रात आमचा दुतोंड्या मारुती उभा आहे. एक तोंड पुढे, एक मागे. (गोदावरी आम्ही भाषणात म्हणतो, एरवी ‘जरा गंगेवर जाऊन येते’.) पाणी त्याच्या पायाशी आलं की घाटावरच्या भाजीवाल्या पाट्या उचलतात, टपऱ्या वर ओढल्या जातात. गुडघ्यापर्यंत गेलं की अख्खं गाव बघायला हजर. त्यात मीही असते, उगाच सोवळेपणा नको. छातीला लागलं की सराफ बाजारात आणि भांडी बाजारात माल माळ्यावर चढवायची घाई. २०१६ आणि २०१९ साली तर डोक्यावरून पाणी गेलं होतं.

हल्ली मोबाइलवर आकडे येतात. गंगापूर धरणातून इतके क्युसेक सोडले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, हे मला पाठ आहे. पण पंधरा हजार क्युसेक ऐकून डोळ्यांपुढे काही येत नाही. शिवाय तो आकडा फक्त धरणाचा. त्याखाली शहरात पडलेला पाऊस आणि ओसंडलेले नाले त्यात मिळतात, म्हणून होळकर पुलापाशी वाहणारं पाणी त्याहून जास्त भरतं. मारुतीच्या अंगाला हे सगळं एकदमच लागतं. बेरीज करायची गरज नाही.

मारुती बुडाला की जुनी माणसं नारोशंकराच्या घंटेकडे बघतात. देऊळ १७४७ चं, नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेलं. नदीकडच्या तटात टांगलेली ती भली मोठी घंटा मूळची पोर्तुगिजांची. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची खूण म्हणून इकडे आली. घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर, मग मामींच्या फोनला उत्तर द्यायलाही कुणी जागेवर नसतं.

पूर ओसरल्यावर मात्र मारुतीकडे बघवत नाही. दंडाला पानवेली गुंडाळलेल्या, गळ्यात कुणाच्या तरी साडीची चिंधी, खांद्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या. आपणच वर कुठेतरी टाकलेलं सगळं.