दादाचं जिरावण

“गुटखा खायचे का हो?” इंदूरच्या रामबागेत कॅन्सर झालेल्या माझ्या दादाला भेटायला येणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो. अहो, त्याने जन्मात सुपारीसुद्धा तोंडात टाकली नाही! टॉन्सिलमधला हा कॅन्सर एचपीव्ही विषाणूचा. तुकडा तपासला, पी-16 हे या विषाणूची खूण सांगणारं प्रथिन पॉझिटिव्ह आलं, तेव्हा कळलं. मग ‘विषाणू’ ऐकून एका मावशींनी त्याचा चहाचा कप वेगळा ठेवला. कपातून नाही हो पसरत तो.

35 वेळा किरणांचा शेक आणि सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध झालं. दोन वर्षं बरी गेली. मग पेट स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांत ठिपके, म्हणजे कॅन्सर पसरलेला.

डॉक्टर स्पष्टच म्हणाले, आता आटोक्यात ठेवायचं. पण विषाणूवाल्यांचा आजार सहसा उपचाराला जास्त दाद देतो. तुकड्यावर पीडी-एल1 हे प्रथिन बघितलं आणि इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणारं औषध, सुचवलं. पूर्ण डोसची किंमत ऐकून मी फाइल मिटली. तेव्हा टाटा मेमोरियलचा 2022 मधला अभ्यास पुढे आला: तोंडी औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध, फक्त 20 मिलिग्रॅम. त्यात वर्षभर जगलेले रुग्ण नुसत्या तोंडी औषधांवर सुमारे 16 टक्के होते, ते याने 43 टक्क्यांवर गेले. आम्ही तेच धरलंय.

शेकानंतर दादाचं तोंड कोरडं. पोहे ताकात कालवून, शेव न घालता देते. काल चौथ्या सलाइनहून आला आणि म्हणाला, “ताई, चिमूटभर जिरावण घाल गं.”

घातलं, पोह्यांवर भुरभुरायचा तो आमचा इंदुरी मसाला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, पण बशी पुसून खाल्ली.