गुरुवारची सहल

सोमवारी दुपारी चारला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. डिस्पॅच दोन दिवस आधीच गेला होता, साहेब खुशीत होते. म्हणाले, "गुरुवारी सगळ्यांना कुठंतरी घेऊन जा. पस्तीस हजारांत बसव." मी हो म्हटलं. खरेदी विभागात एकोणीस वर्षं काढलेला माणूस नाही म्हणायचं विसरून जातो.

भोसरी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घ्यायला वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे वार नेमून दिले, त्यातून आलेली ही सुट्टी. जगाला रविवार, आम्हाला गुरुवार. लग्नं चुकतात, पोरांच्या शाळेतले कार्यक्रम चुकतात. पण सहलीला हा वार सोन्यासारखा, कुठंही गर्दी नसते. त्या खुशीत मी घरी पोचलो आणि बायकोला सांगितलं, 26 तारखेला आमची पिकनिक.

तिने भिंतीवरच्या कालनिर्णयकडे नुसतं बोट केलं. डिसेंबर 2024, तारीख 26. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. त्याच चौकोनात सफला एकादशी.

"पॅकिंगमधल्या बायका कशा येणार? सकाळी घट मांडायचा, संध्याकाळी आरती, नैवेद्य, हळदीकुंकू. शेवटचा गुरुवार म्हणजे उद्यापन. तू काय, काशीदला नेतोयस त्यांना?"

काशीदच मनात होतं, हे मी तिला सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी साहेबांना 2 जानेवारी सुचवून पाहिला. तोपर्यंत पौष लागतो, सगळा प्रश्नच मिटतो. पण साहेब तेव्हा मुलाकडे जाणार होते आणि सहल त्यांना स्वतः बघायची होती. मग मी पॅकिंगमध्ये गेलो. बायका नऊ, त्यातल्या सात जणींचा उपास. मला वाटलं होतं, येणार नाही म्हणतील. सगळ्यात जुन्या मावशी टेप कापता कापता म्हणाल्या, "उपास हाय म्हणून घरी बसायचं व्हय दादा? आठच्या आधी निघायचं नाही आन् पाचच्या आत दारात सोडायचं. बाकी कुठं न्यायचं तिथं न्या."

झालं, पिकनिकचं स्पेसिफिकेशन हातात आलं. आठ ते पाच. काशीद, अलिबाग तिथंच बाद. कामशेतच्या बाजूच्या एका रिसॉर्टने नाताळ-थर्टीफर्स्टचा आठवडा म्हणून माणशी अठराशे सांगितले, ते पण बाद. पोरांना वॉटर पार्क हवा होता. डिसेंबरच्या थंडीत! त्यांना मी उत्तरच दिलं नाही.

राहिला हुरडा. तो सुचवला आमच्या टर्नरने, त्याची सासुरवाडी शिरूर तालुक्यात. मोराची चिंचोलीजवळच्या एका शेतकऱ्याचा नंबर त्याने दिला. भाव माणशी आठशे, आडवार म्हणून सातशे. आम्ही चौतीस, म्हणजे 23,800. बस साडेनऊ हजारांत मिळाली. कारखान्यांच्या बसगाड्या गुरुवारी रिकाम्याच उभ्या असतात, मला फक्त चहाच्या टपरीवर विचारायला जावं लागलं. राहिलेल्या सतराशेत हौजीची बक्षिसं, स्टीलचे डबे.

एवढं ठरल्यावर डोक्यात उजेड पडला. हुरडा म्हणजे ज्वारी. ती उपासाला कशी चालणार? सात बायका, शिवाय आळंदीकडून येणारे तीन माळकरी. दहा जणांना हुरडा पार्टीला नेऊन उपाशी बसवायचं! एकादशीच्या घरी शिवरात्र म्हणतात ते हेच. घाबरत फोन केला. शेतकऱ्याने फोन बायकोकडे दिला. ती हसायला लागली. "आवो दादा, आमच्याबी घरात उपासच हाय की. भगर-आमटी करते, साबुदाणा करते, रताळी आगटीत टाकते. किती मानसं ते तेवढं सांगा."

पंचवीस वर्षं जुन्या सप्लायरनेही मला इतक्या झटक्यात कधी होकार दिलेला नाही.

गुरुवारी बस आठऐवजी सव्वाआठला निघाली. एका ताईंच्या घटावरच्या नारळाला शेंडीच नव्हती, दुसरा आणावा लागला. चाकण-शिक्रापूर रस्त्याची मला धास्ती होती, एरवी तिथं कंटेनरच्या रांगेत दिवस उगवतो आणि मावळतो. पण चाकणचेही बरेच कारखाने गुरुवारी बंद. दहाला आम्ही बांधावर.

हुरडा हंगामातला पहिलाच होता. थोड्या थोड्या दिवसांनी पेरत जातात म्हणून पुढे जानेवारीभर पुरतो. वाण सुरती. जमिनीत खड्डा करून गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसं खुपसायची, दाणा भाजला की गरमागरम हातावर चोळून द्यायचा. चोळणारा म्हातारा सत्तरीचा, तळवे असे की चटका त्यांना विचारून बसत असेल. आमच्या एका सीएनसी ऑपरेटरने हौसेने हात घातला आणि पुढचा अर्धा तास ताकाच्या तांब्याला धरून बसला. लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. साहेब मांडी घालून बसले होते आणि चौथ्यांदा द्रोण पुढे करत होते.

उपासवाल्यांची पंगत चिंचेखाली वेगळी. भगर, आमटी, खिचडी, राखेतून काढलेली रताळी, पेरू, बोरं, उसाचा रस. एकादशी अन् दुप्पट खाशी. शेवटी हुरडावालेच तिकडे रताळी मागायला गेले.

एकच राहिलं. मोर दिसतात ते भल्या सकाळी आणि उन्हं कलल्यावर, आणि आम्ही अडीचला बसमध्ये. पत्र्यावर एक लांडोर दिसली. पोरांनी तिचेच चाळीस फोटो काढले.

भोसरीत शिरलो तेव्हा पाचला दहा कमी होते. बायका हौजीचे डबे छातीशी धरून झपाझप उतरल्या, मावशी सगळ्यात पुढे. मागे वळून कुणी बघितलं नाही.

माझ्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली दहा-बारा कणसं होती. बायकोची एकादशीही होती, म्हणून शुक्रवारी सकाळी गॅसवर जाळी ठेवून भाजली. आगटीची चव आली नाही, तरी तिने सगळी संपवली. शेतकऱ्याने वहीच्या पानावर लिहून दिलेलं बिल मी अकाउंट्सला दिलं आहे. त्यावर जीएसटी नंबर नाही म्हणून ते दोनदा परत आलंय.