स्टुडंट लायसन्सवर बाहेरचं काम? तुम्ही विचारलंत म्हणून

पॉलिटेक्निकच्या दर बॅचला कुणीतरी विचारतंच: 'मॅडम, ऑटोकॅडच्या स्टुडंट लायसन्सवर काकांच्या बंगल्याचं ड्रॉइंग करून दिलं तर कुणाला कळतंय?' ऑटोकॅड म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, आणि त्याचं फुकटचं स्टुडंट लायसन्स फक्त शिकण्यापुरतं, बाहेरच्या कामाला चालत नाही. हा नियम तुम्हाला पाठ आहे, म्हणूनच तर हळू आवाजात विचारता.

आमच्या वेळी तर कळायचंच. कुणी धाड घालायला लागायची नाही, फाइलच चुगली करायची.

मी एका आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंगला होते. ऑफिसचं लायसन्स रीतसर पैसे भरलेलं. इंटर्नने जिन्याचं डिटेल घरी लॅपटॉपवर काढलं आणि सकाळी येऊन आमच्या वर्किंग ड्रॉइंगमध्ये पेस्ट केलं. वॉर्निंगची खिडकी आली असणार, पण डेडलाइनला ती वाचतो कोण, कंटिन्यू दाबलं की झालं. संध्याकाळी प्रिंट काढायला बसले तर शीटच्या चारही कडांना इंग्रजीत छापलेलं, ऑटोडेस्कच्या, म्हणजे ऑटोकॅड बनवणाऱ्या कंपनीच्या, स्टुडंट व्हर्जनमध्ये तयार केलेलं. पेस्ट केला होता एक जिना, आणि स्टॅम्प फाउंडेशनच्या शीटवर, प्लंबिंगच्या शीटवर, सगळीकडे, कारण तो फाइललाच चिकटायचा, जिना डिलीट केला, पर्ज (फाइलमधला नको असलेला कचरा काढायची कमांड) मारला, तरी हलेना. त्यात दुपारीच एक पीडीएफ क्लायंटला गेलेली. त्यांचा फोन आला, 'एवढी फी घेता आणि पोरांच्या सॉफ्टवेअरवर काम करता?' सर काहीच बोलले नाहीत. जुना बॅकअप काढून आम्ही रात्रभर मधले बदल परत घातले, आणि सकाळी त्या पोराला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

ऑफिसात लायसन्सची सीट एकच होती, म्हणजे एका वेळी एकानेच काम करायचं. त्या पोराचा नंबर लागेपर्यंत रात्र व्हायची, म्हणून तो घरी करायचा. हे त्या दिवशी कुणी काढलंच नाही.

आता म्हणाल, मॅडम कंपनीची बाजू घेतायत. म्हणा खुशाल. 2016 पासून नवीन कायमचं लायसन्स विकणंच बंद झालं, आता दर वर्षी भाडं भरा, आणि ते भाडं नव्या ड्राफ्ट्समनला झेपणारं नाही हे मलाही कळतं. कॉलेजात असताना मी मैत्रिणींना ठणकावून सांगायचे, फुकट देतात ते आपल्याला सवय लागावी म्हणून, मग आपण कशाला लाजायचं? यातलं सवयीचं मला अजून शंभर टक्के पटतं. लाजण्याचं म्हणाल तर त्या पोराचा चेहरा आठवतो आणि गाडी अडते.

बरं, स्टुडंट लायसन्स वर्षाचं, रिन्यू करायचं तर शिकत असल्याचा पुरावा लागतो. म्हणजे डिप्लोमा संपला, नोकरी अजून नाही, नेमका पोर्टफोलिओ करायच्या वेळी हात रिकामे. 2024 ला फ्रीकॅड या दुसऱ्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरचं 1.0 व्हर्जन आलं, खरंच फुकट, धंद्यालाही चालतं, मी वर्गात दाखवते. पण इंटरव्ह्यूला विचारतात ऑटोकॅडच, तिथे मी काय करू?

काकांचं काम असेल तर लायसन्स असलेल्या एखाद्या ऑफिसात बसून करा, तासाचे पैसे आधी ठरवा. 'आणि मॅडम, बसू कोण देणार?' असं परवा एकीने विचारलं. दोन ऑफिसांना फोन केलेत, बघू.